मालमोटारीच्या केबिनमधील गारवा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही संपांचा आणि युनियनांचा इतिहास सांगू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही कागदावर लिहून दिले : 'मालमोटारीच्या केबिनमधील गारवा'. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि मोठ्या नम्रतेने विचारले की, हा विषय इतिहासात बसतो काय? आम्ही म्हटले, बसवून पाहू. न बसला तर पुढच्या वर्षी संपांवर बोलू.

झाले असे की, २०२५ च्या मे महिन्यात सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका गॅरेजातून आम्हांला बोलावणे आले. बोलावणारे गृहस्थ गॅरेजचे मालक नव्हते, मिस्त्रीही नव्हते. ते एक निवृत्त ड्रायव्हर, वय ऐंशीच्या घरात. सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही म्हणतो. ज्या ट्रकवर त्यांनी उमेदीची वर्षे घालवली तो गुळाच्या एका जुन्या पेढीचा. पेढी मोडली, पण ट्रक वखारीमागे चिंचेखाली उभाच राहिला. पेढीवाल्यांच्या नातवाने तो आता बाहेर काढला, इंजिन उतरवून बांधून घेतले, पत्रा ठोकून सरळ केला आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांना न्यायचा असे ठरवून त्याला नवरदेवासारखा रंगवला. पुढे लांब नाक, नाकावर तीन पात्यांची चांदणी, असा तो टाटा-मर्सिडीज. त्या साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला नातू वातानुकूलन यंत्र बसवीत होता. मामा फोनवर म्हणाले, "दादा, आपल्या गाडीला एसी बसवत्यात. तुमी येऊन बगाच." त्या 'बगाच'मध्ये एक जुना हिशेब होता. तो यथावकाश सांगू.

प्रथम त्या चांदणीविषयी. टाटांच्या टेल्को कंपनीची स्थापना १९४५ ची. तिने १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. हा करार १९६९ साली संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचे अक्षर आले. म्हणून चांदणीचा ट्रक दिसला की तो त्याआधीचा, असा अंदाज जुने लोक बांधतात. त्याच्याही आधी आपल्या बाजूला महायुद्धातून मोडीत निघालेल्या लष्करी गाड्या होत्या, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीचे कुर्ल्याला जुळवलेले डॉज व फार्गो होते. या गाड्यांनी सांगलीची हळद आणि गूळ मुंबईस नेला व येताना मुंबईचे लोखंड, कापड आणि औषधे आणली. रस्ता तोच : कराड, सातारा, खंबाटकी, पुणे आणि बोरघाट.

आता एक गोष्ट आजच्या तरुणांना खरी वाटणार नाही. कारखान्यातून त्या काळी ट्रक म्हणून जे बाहेर पडत असे, तो पुष्कळदा अर्धाच ट्रक असे. चार-सहा चाके, दोन लांब लोखंडी तुळया, इंजिन आणि स्टिअरिंग. याला चासी म्हणत. केबिन नाही, छप्पर नाही, दार नाही. ड्रायव्हर त्या सांगाड्यावर लाकडी खोके किंवा तात्पुरती बैठक ठेवून बसे, डोक्याला पंचा गुंडाळी, डोळ्यांवर धुळीचा चष्मा चढवी आणि शेकडो मैल ऊन-पाऊस अंगावर घेत ती चासी गिऱ्हाइकाच्या गावी आणून पोचवी. उघड्या चासींची अशी रांग हमरस्त्याने जाताना आम्ही लहानपणी पाहिली आहे. बसलेली माणसे धुळीने इतकी एकरंग झालेली असत की, चासी कोणती आणि माणूस कोणता, हे लांबून ओळखत नसे.

गावी आल्यावर चासी सुताराच्या हवाली होई. कराड, सांगली, कोल्हापूर येथे असे सुतार-लोहार पुष्कळ. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, सातारा रोडचा कूपरांचा कारखाना १९२२ चा. तेव्हा लोखंडाला हात लावायला न भिणारी दोन पिढ्यांची माणसे या दोन जिल्ह्यांत तयार होती. सुतार लाकडाचा सांगाडा उभा करी, त्यावर पत्रा ठोकी, आत फळ्यांची बैठक बसवी. देवाचा फोटो लावण्यासाठी कोनाडा निघे, मागे झोपायची फळी निघे, टपावर क्लीनरला पाय पसरायला जागा निघे. मालकाच्या हौसेप्रमाणे मोर, कमळे, वाघ आणि 'आईचा आशीर्वाद' हे सर्व येई. ज्या एका गोष्टीचा विचार त्या केबिनीत कोणी केला नाही, ती म्हणजे उष्णता.

याचा दोष आम्ही सुताराला देत नाही. त्याने केबिनीला फटी ठेवल्या, खिडक्या मोठ्या ठेवल्या, म्हणजे वारा येईल. गाडी चालती असली की वाराही येई. पण खंबाटकीच्या चढावर भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगू लागली की वारा थांबे आणि इंजिनाचा धगधगाट आत येई. शिवाय नाकाचा ट्रक परवडला असे म्हणायची पाळी पुढे आली. नाकाच्या ट्रकात इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असते, मध्ये निदान एक पडदी असते. पुढच्या काळात मालाची जागा वाढवायची म्हणून नाक कापले. गाडीची एकूण लांबी कायद्याने ठरलेली, तेव्हा नाक गेले तर हौदा तेवढा लांब होतो, हा हिशेब सरळ आहे. नाक गेले, पण इंजिन कोठे जाणार? ते केबिनीत आले. ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्यामध्ये एक लोखंडी झाकण, आणि झाकणाखाली भट्टी. त्या झाकणावर भाकरी गरम करून खाल्लेले ड्रायव्हर आमच्या युनियनमध्ये डझनाने सापडतील. ते हे मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हांला मात्र त्यात अभिमानाची जागा फारशी दिसत नाही.

यावर ड्रायव्हरांनी काय केले? पूर्वजांनी केले तेच. वाळ्याचा पडदा भिजवावा, माठ सावलीत ठेवावा, हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. ट्रकच्या पुढे कॅनव्हासची छागल टांगलेली असे. कापडातून पाणी झिरपे, वाऱ्याने त्याची वाफ होई आणि वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाई. भर वैशाखात ते पाणी दाताला लागे. झाकणावर भिजवलेले तरट टाकणे, गळ्याभोवती ओला पंचा ठेवणे, हे याच तत्त्वाचे प्रकार. मौज अशी की, अमेरिकेतल्या वाळवंटी मुलखात १९३० नंतरच्या काळात मोटारीच्या खिडकीला एक नळकांडे टांगीत. त्यात पाणी आणि आत ओलसर जाळी. धावत्या गाडीचा वारा त्यातून आत येताना थंड होई. आपली छागलच ती, फक्त पत्र्याची आणि विकत घेतलेली. अमेरिकेला छागल आपण दिली असे आम्ही म्हणत नाही. ऊन सगळीकडे सारखेच शिकवते, एवढेच.

आता यंत्राच्या गारव्याकडे वळू. हा भाग वाचताना आम्हांला जे आढळले त्यानेच आम्हांला हे व्याख्यान द्यावेसे वाटले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याची तक्रार होती. रंगीत चित्र छापताना एक रंग झाला की कागद पुन्हा यंत्रात जातो. हवेतला दमटपणा कमीजास्त झाला की कागद फुगतो किंवा आक्रसतो आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियराने हवा थंड करून तिच्यातला दमटपणा ताब्यात ठेवण्याची योजना आखून दिली. आधुनिक वातानुकूलनाचा जन्म येथून धरतात. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या गृहस्थाने या विद्येला 'एअर कंडिशनिंग' हे नाव दिले. हा क्रेमर कापडगिरण्यांचा इंजिनियर. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून त्याला गिरणीतली हवा दमट करावयाची होती. आपल्यापैकी ज्यांनी गिरणीत काम केले आहे त्यांना हे सांगायला नको. सुताला सोसणारी हवा माणसाला सोसतेच असे नाही. सूत तुटत नसे, पण पाठीवरचा सदरा दिवसभर चिकटलेला राही.

म्हणजे पहा, पहिला गारवा कागदासाठी, दुसरी सोय सुतासाठी. मग आला तो तिकीट काढणाऱ्यासाठी. अमेरिकेतली सिनेमागृहे १९२० नंतर थंड होऊ लागली. मुंबईचे रीगल १९३३ साली उघडले ते वातानुकूलित होते. त्यानंतरच्या वर्षी, १९३४ साली, मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला गारव्याचा डबा जोडला गेला. त्यात यंत्र नव्हते, बर्फाच्या लाद्या होत्या. त्या वितळत, मोठ्या स्टेशनांवर नव्या भरीत आणि त्यांच्यावरून पंख्याने हवा आत सोडीत. साहेबलोक गारव्यात झोपत. त्याच गाडीच्या इंजिनावर फायरमन खोऱ्याने कोळसा ओढीत असे.

या बर्फावरून एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दुकानात 'दीड टनाचा एसी' म्हणतात तेव्हा लोकांना तो यंत्राच्या वजनाचा आकडा वाटतो. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी उष्णता काढणारे यंत्र ते एक टनाचे. तासाला सुमारे ३८ किलो बर्फ. फ्रंटियर मेलचा बर्फ असा आजही आपल्या भिंतीवरच्या खोक्यात नावापुरता शिल्लक आहे.

आता मालमोटार. मालमोटारीत यंत्राचा गारवा प्रथम कोठे बसला असेल? हौद्यात. आणि तो बसवणाऱ्या माणसाबद्दल आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत, कारण हा माणूस आम्हांला आमच्या बिरादरीतला वाटतो. फ्रेडरिक जोन्स, जन्म १८९३, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. कृष्णवर्णी. आईबाप लवकर गेले, शाळा लवकर सुटली. गॅरेजात झाडू मारता मारता मोटारी दुरुस्त करायला शिकला, पुस्तके वाचून वीज शिकला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला. पुढे मिनियापोलिसला जोसेफ न्युमेरो या गृहस्थाकडे सिनेमाची ध्वनियंत्रे तयार करण्याच्या कामावर लागला. अशी गोष्ट सांगतात की, न्युमेरोच्या ओळखीच्या एका वाहतूकदाराचा कोंबड्यांचा माल उन्हाळ्यात वाटेत नासला. ट्रकवर बर्फ भरून न्यायचा तो वितळला की सगळे संपले. जोन्सने ट्रक पाहिला, मापे घेतली आणि १९३८ च्या सुमारास रस्त्याच्या धक्क्यांत टिकणारे शीतयंत्र तयार केले. पहिले यंत्र त्याने गाडीच्या पोटाखाली टांगले होते. ते फार जड झाले आणि धूळ-चिखलाने बेजार झाले. मग ते हलके करून मालाच्या डब्याच्या कपाळावर नेले. त्यातून थर्मो किंग ही कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांनी रक्त, औषधे आणि अन्न सैन्यापर्यंत नेले. जोन्सच्या नावावर साठांहून अधिक पेटंटे आहेत. तो १९६१ साली वारला आणि अमेरिकन सरकारने तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक त्याला दिले ते १९९१ साली, मरणानंतर तीस वर्षांनी.

ही यंत्रे आज आपल्या दाराशी आहेत. तासगाव, पलूस, मिरज या तालुक्यांतली द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या डब्यांतून न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जातात. बेदाणा शीतगृहात महिनोन्महिने राहतो. त्याच डब्याच्या पुढे, मध्ये जेमतेम हातभर अंतर ठेवून, जी केबिन असते तिच्यात फाल्गुन-चैत्राच्या दुपारी किती अंश असतात? द्राक्षाच्या डब्याला तापमान लिहिणारे यंत्र जोडलेले असते. दोन अंशांचा फरक पडला तर परदेशातले गिऱ्हाईक माल नाकारते. ड्रायव्हरला असे यंत्र कोणी जोडले नव्हते. द्राक्ष नासते ते दिसते. माणूस हळूहळू नासतो, आणि त्याचे बिल त्याच्या घरच्यांच्या नावावर फाटते.

खाजगी मोटारींचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच शीतयंत्र बसवलेली मोटार जाहीर केली. किंमत मोटारीखेरीज २७४ डॉलर. यंत्राने डिकीची बरीच जागा खाल्ली होती आणि ते बंद करायचे तर खाली उतरून, बोनेट उघडून, पट्टा काढावा लागे! ते फार चालले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर टेक्ससच्या उन्हात डल्लस, फोर्टवर्थ या शहरांत लहान लहान कारखाने निघाले. कोणतीही जुनी मोटार वा ट्रक आणा, डॅशबोर्डखाली पेटी लावून देतो. ती पेटी बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागे म्हणून लोकांनी तिला गुडघेफोडी अशा अर्थाचे नाव ठेवले होते. तरी माणसे रांग लावून ती बसवून घेत. बाहेरून बसवायच्या गारव्याचा धंदा तो हाच. आपल्याकडे पुण्याला किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ साली निघाली, म्हणजे किर्लोस्करवाडीच्या वेलीचाच हा एक फाटा. तिने मोठमोठे शीतयंत्राचे कॉम्प्रेसर केले. मोटारींच्या यंत्रांसाठी सुब्रोस कंपनी १९८५ ची. १९८० नंतर नव्या मोटारींचे दिवस आले आणि थंड मोटार ही संस्थानिकांपुरती गोष्ट राहिली नाही. डॉक्टर, वकील, बागाईतदार यांच्यापर्यंत ती पोचली. ट्रकच्या केबिनीपर्यंत मात्र पोचली नाही.

आणि येथे आम्हांला आमच्याविषयी बोलले पाहिजे.

१९९७ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा तिशीच्या आत होतो आणि कायद्याची कलमे नुकतीच पाठ झाल्यामुळे थोडे चढलेलेही होतो. मालवाहतूकदारांशी बोलणी होती. कोणत्या गावी, कोणाशी, हे सांगण्याचे कारण नाही. मागणीपत्र करण्यासाठी ड्रायव्हरांची सभा बोलावली. खुराकी भत्ता, रात्रीचा मुक्काम, अपघातात वकिलाचा खर्च, अशा मागण्या आल्या. मग मामा उठले. त्यांच्याकडे तेव्हा बिननाकाची गाडी होती. म्हणाले, "दादा, ते झाकणाचं काय तरी लिवा. पंखा लिवा, आन् झाकणावर जाड काय तरी घालून द्या म्हनावं. पाय भाजत्यात." सभेत थोडे हसू झाले. आम्ही लिहून घेतले, सातव्या क्रमांकावर.

बोलणी दोन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भत्त्याचा आकडा जमत आला. समोरच्या बाजूचे एक गृहस्थ कागद पाहून म्हणाले, "हे सात नंबरचं काय? उद्या गादी मागाल, परवा पलंग." सगळे हसले. श्रोतेहो, आम्हीही हसलो. आणि आमच्याच पेनने सातवी मागणी खोडली. बदल्यात भत्त्यात रोजी दोन रुपये जास्त मिळाले. आम्हांला त्या वेळी तो विजय वाटला. मामांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बरं केलंसा. दोन रुपयं बी कमी न्हाईत." त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्या 'बगाच'मधला जुना हिशेब तो हा.

आमची चूक कोठे झाली, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तेरावे कलम होते. कामाच्या जागी हवा खेळती हवी आणि तापमान कामगाराला सुसह्य हवे, असे ते सांगत असे. गिरणीसाठी, फाउंड्रीसाठी आम्ही ते कलम तोंडपाठ म्हणत होतो. पण ट्रकची केबिन हा कारखाना नाही. तिच्यासाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. चांगला कायदा. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, विश्रांतीगृहे, उपाहारगृहे, गणवेश हे सारे त्यात होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू. आपल्या दोन जिल्ह्यांत एकदोन ट्रकांचे मालक किती होते ते आठवा, म्हणजे कायदा किती जणांच्या डोक्यावरून गेला ते कळेल. शिवाय ड्रायव्हर गाडीतून उतरल्यावर कोठे बसेल, याची काळजी त्या कायद्याने केली. गाडीत बसल्यावर तो कशात बसतो याची केली नाही. आता तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला आहे. पण कायद्याचे राहू द्या. कायद्यात नव्हते म्हणून आम्ही खोडले, हे खरे नव्हे. गारवा ही चैन आहे, असे आम्हांलाच वाटत होते. मालकाची आणि आमची समजूत या एका बाबतीत अगदी सारखी होती.

आता गॅरेजात परत जाऊ. तेथे आम्ही तीन दिवस खुर्ची टाकून बसलो, कारण त्या मिस्त्रीचे काम पाहण्यासारखे होते. त्याचे वय पस्तीस असेल. पहिल्या दिवशी त्याने गारव्याच्या यंत्राला हातच लावला नाही. अंधार पडल्यावर केबिनीत प्रखर दिवा ठेवला, दारे लावली आणि बाहेर हातात खडू घेऊन फिरला. जेथे प्रकाशाची रेघ दिसेल तेथे खूण. फळ्यांच्या सांध्यांतून, गिअरच्या दांड्याभोवती, पायाच्या पट्ट्यांखालून, दाराच्या कडेने, टपाच्या कोपऱ्यांतून प्रकाश येत होता. साठ वर्षांपूर्वी सुताराने वाऱ्यासाठी ठेवलेल्या फटी त्या. केबिन खडूच्या खुणांनी पांढरी झाली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, आधी घर बंद करायचं, मग गार करायचं. लोक उलटं करतात आणि मग म्हणतात यंत्र वाईट." दुसरा दिवस त्या फटी बुजवण्यात, रबरी पट्ट्या लावण्यात, इंजिनाकडच्या पडदीवर आणि टपाखाली जाड अस्तर चिकटवण्यात गेला. मामांनी १९९७ साली मागितलेले 'जाड काय तरी' ते हेच. केवळ एवढ्याने केबिन किती निवली, हे तिसऱ्या दिवशी दुपारी आत बसून आम्ही अनुभवले, आणि तेव्हा यंत्र अजून सुरूही झालेले नव्हते. बोलणीत ते अस्तर तरी पदरात पाडून घ्यायला काय हरकत होती, असे मनात येऊन गेले.

मग यंत्र. याचे काम समजायला छागल पुरते. द्रवाची वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो. छागलीतले पाणी एकदा उडाले की गेले. येथे तोच वायू बंद नळीत फिरत ठेवायचा. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा घेऊन कॉम्प्रेसर फिरतो आणि वायूला दाबतो. दाबलेला तापलेला वायू बाहेरच्या जाळीत निवून द्रव होतो, बारीक छिद्रातून आतल्या जाळीत सुटतो, तेथे त्याची पुन्हा वाफ होते आणि केबिनीची उष्णता घेऊन तो परत फिरतो. आतली जाळी पंख्यासह डॅशबोर्डखाली बसली, आणि आम्हांला टेक्ससचे गुडघे आठवले.

अडचणी जुन्या ट्रकच्या होत्या. बाहेरची जाळी रेडिएटरपुढे लावली तर रेडिएटरचा वारा अडतो आणि घाटात पाणी उकळते; म्हणून मिस्त्रीने ती हौद्याखाली बाजूला लावून तिला विजेचे दोन पंखे दिले. जुन्या डायनामोला एवढा भार सोसत नाही, तेव्हा अल्टरनेटर आला. गाडीची वीज बारा व्होल्टची की चोवीसची, हे मोजून त्याच जातीची क्लचची गुंडाळी घेतली. न पाहता लावली तर ती जळते किंवा ओढतच नाही. कॉम्प्रेसरचा कंस बाजारात मिळेना, तो लेथवाल्याकडून करवून घेतला. या इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आतबाहेर, त्यातली तीन-चार हे यंत्र घेणार. मामांना ते पटले नाही. "चढाला जानवंल," म्हणाले. खरेच जाणवते. चढावर यंत्र बंद करायचे एक बटन मिस्त्रीने मग वेगळे काढून दिले.

शेवटी पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल पाऊण तास ओढून काढली, काटा तासभर हलत नाही हे पाहिले आणि वजन करून वायू भरला. पूर्वी यात जो वायू असे त्याने आकाशातल्या ओझोनच्या थराला भोक पडते असे आढळले. १९८७ साली मॉन्ट्रियलला राष्ट्रांचा करार झाला आणि आपल्या देशात तो वायू २०१० पासून बंद झाला. आता भरतात तो ओझोनला अपाय करीत नाही, पण सुटला तर पृथ्वी तापवतो. म्हणून नळी गळू न देणे हाही मिस्त्रीचा धर्म झाला.

यंत्र सुरू झाले. मामा ड्रायव्हरच्या जागी चढले. त्यांना चढायला हात द्यावा लागला, पण बसल्यावर हात आपोआप स्टिअरिंगवर गेले. थंड हवा आली. त्यांनी सवयीने काच खाली केली. मिस्त्री ओरडला, "मामा, काच!" त्यांनी वर केली. मिनिटभर गप्प बसून म्हणाले, "इंजिनचा आवाज लांब गेला की. घाटात गाडी बोलंल ते कसं कळायचं?" नंतर पावले पुढच्या पडदीला टेकवून पाहिली आणि बराच वेळ तशीच ठेवली. खाली नळीतून पाण्याचे थेंब पडू लागले होते. ते गळती नाही, हवेतलाच दमटपणा आहे, हे मिस्त्रीला जमलेल्या प्रत्येकाला निराळे सांगावे लागले.

खाली उतरताना मामा आम्हांला म्हणाले, "दादा, ही गाडी आता माल वाहनार न्हाई. पर जी वाहत्यात त्यांचं काय?"

त्याचे अर्धे उत्तर सरकारने दिले आहे. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालमोटारीच्या केबिनीत वातानुकूलन यंत्र हवे. कॅरियरच्या छापखान्यापासून येथवर १२३ वर्षे लागली. पण हा नियम नव्या गाड्यांचा आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर, मार्केट यार्डात, खडीच्या खाणींवर ज्या गाड्या आज धावतात त्या त्याआधीच्या आहेत, आणि आपल्याकडे ट्रक लवकर मरत नाही. उद्या नवी गाडी घेणाऱ्याने इंधन वाचवण्यासाठी यंत्राचा पट्टाच काढून ठेवला तर काय करायचे, हा दुसरा प्रश्न. पॅकार्डच्या काळी यंत्र बंद करण्याची तीच रीत होती, हे तुम्हांला आठवत असेलच.

आमच्या युनियनने या वर्षीच्या मागणीपत्रात जुन्या गाड्यांसाठी हे लिहिले आहे : झाकणावर व टपाखाली अस्तर, फटींना रबर, दोन पंखे, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना बाहेरून बसवायचे यंत्र, खर्च मालकाचा. मसुदा वाचून दाखवला तेव्हा एका तरुण ड्रायव्हराने विचारले, हे सातव्या क्रमांकावर का नाही? त्याला कोणीतरी जुनी गोष्ट सांगितली असावी. आम्ही ते दुसऱ्या क्रमांकावर घातले आहे. पहिली मागणी अर्थातच भत्त्याची. बोलणी पुढच्या महिन्यात कराडला आहेत, आणि मामांनी आताच कळवले आहे की, ते येऊन दाराशी बसणार आहेत.